रुमालाखालचा समुद्र

काष्टीच्या स्टँडसमोर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षं आठ बायका समुद्राचा तळ बघत बसायच्या. गावात हे कुणाला खरं वाटायचं नाही, आणि त्यात गावाचा दोष नव्हता. श्रीगोंदा तालुक्यात पाणी म्हणजे कॅनॉलचं आवर्तन, तेही आलं तर आलं. रोहिणी सकाळी डबा घेऊन निघाली की पानटपरीवरचे लोक विचारायचे, आज भरती का ओहोटी? तीही थांबून सांगायची, आज ओहोटी आहे, तुमच्यासारखी.

रोहिणी त्या आठ जणींत सगळ्यात मोठी, छत्तीस वर्षांची. भूगोल घेऊन बी.ए. झालेली, लग्न होऊन तीन वर्षांत माहेरी परतलेली. परतण्याची कारणं गावानं आपापल्या सोयीनं ठरवली होती. खरं कारण एवढंच होतं की नवरा एक सांगायचा आणि ही म्हणायची, मला तसं दिसत नाही. तोंडाची फटकळ, नजरेची तेज. तिचे वडील कारभारी आण्णा जन्मभर काष्टीच्या जनावरांच्या बाजारात दलाली करत आले. लहानपणी ती त्यांच्याबरोबर जायची आणि कुठल्या बैलाच्या कुठल्या पायात कसर आहे ते आण्णांच्या आधी ओळखायची. अशा बाईला नजरेचं काम मिळालं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, देवानं एकदाचं हिच्याकडे पाहिलं.

काम असं होतं. कुठल्या तरी दूरच्या देशांत कारखान्यांच्या धुरातला कार्बन वायू पकडतात आणि समुद्राच्या तळाखाली दीड-दोन किलोमीटरवर खडकात कोंडून ठेवतात. वर पक्क्या खडकाचं झाकण असतं. झाकण धड आहे का हे डोळ्यांनी कसं कळणार? म्हणून जहाज वरून पाण्यात मोठा आवाज सोडतं, तो थराथरावर आपटून परत येतो, आणि त्या परतलेल्या आवाजातून खालच्या खडकाचं चित्र तयार होतं. वायू भरण्याआधी एक चित्र काढायचं, भरल्यावर अधूनमधून एक. नव्यातून जुनं वजा केलं की उरतो तो फरक. साठ्याच्या जागी फरक दिसणारच, त्यात काही वावगं नाही. पण झाकणाच्या वर, जिथे सगळं कोरं असायला हवं तिथे, बारीक उभी रेघ दिसली तर समजायचं की वायूला वाट सापडली.

प्रशिक्षण द्यायला पुण्याहून एक सर आले होते. ते म्हणाले होते, रेघ लवकर सापडली तर पंप थांबवून वायू आत सोडायची विहीर तपासता येते. उशीर झाला तर वाट रुंदावत जाते आणि मग फार काही करता येत नाही. तळाजवळचं पाणी आंबट होतं, शिंपले-खेकडे मरतात, आणि एवढा आटापिटा करून कोंडलेला धूर जिथला तिथे परत जातो. चित्रांवर देशाचं, समुद्राचं नाव नसायचं, नुसता क्षेत्राचा आणि रेषेचा आकडा. या बायकांनी दिलेली उत्तरं जमा करून पुढे एका यंत्राला शिकवायचं होतं, म्हणजे नंतर यंत्रच चित्रं तपासणार. सर हे हसत सांगत होते, आणि बायकाही हसल्या होत्या.

प्रत्येक चित्र दोघींना जायचं. चार उत्तरं होती: बदल नाही, साठ्यातला बदल, गळतीची शंका, सांगता येत नाही. दोघींचं उत्तर जुळलं की ते पक्कं. नाही जुळलं तर ते पुण्याला तिसऱ्या नजरेकडे जायचं आणि दोघींचीही जुळणी घसरायची. गळतीची शंका तर जुळली तरी पुण्याला जायची, आणि तिथे नाकारली गेली की पुन्हा तेच. जुळणी नव्वद टक्क्यांच्या खाली दोन आठवडे राहिली की खुर्ची गेली. पहिल्याच महिन्यात अकरांतल्या तीन जणी गेल्या, आणि त्यातली एक तर सगळ्यांत बारकाईनं बघणारी होती. बारकाईनं बघणारीचंच उत्तर दुसरीशी जुळत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं.

नियमाप्रमाणे जोडीतल्या दोघी एका खोलीत बसायला नकोत. पण दुसऱ्या तालुक्यातलं केंद्र बंद पडलं, आणि सुपरवायझर हर्षलनं, सव्वीस वर्षांच्या बिचाऱ्या पोरानं, इथल्या इथेच जोड्या लावल्या. लाईट गेली की इन्व्हर्टरवर चारच टेबलं चालायची, मग जोड्या एका टेबलाला खेटून बसायच्या. बोलायचं नाही, डोक्यावर कॅमेरा. रोहिणीच्या जोडीला एस्तेर आली. एकतीस वर्षांची, श्रीगोंद्याच्या ख्रिस्ती वस्तीतली, शांत, कामाला वाघीण. तिचा नवरा बेंजामिन विनाअनुदानित शाळेत बारा वर्षं शिकवत होता. आज अनुदान येईल, उद्या येईल, या आशेवर शाळा चालली होती आणि एस्तेरच्या खुर्चीवर घर.

आणि इथे रोहिणीनं ते केलं, जे काष्टीच्या बाजारात वाढलेल्या बाईलाच सुचावं. बाजारात दलाल आणि हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून ठरवतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. रोहिणीनं दोघींच्या मांडीवर ओढणी पसरली. एक बोट म्हणजे बदल नाही, दोन म्हणजे साठ्यातला बदल, तीन म्हणजे गळतीची शंका, चार म्हणजे सांगता येत नाही. महिन्याभरात त्यांची जुळणी अठ्ठ्याण्णवावर गेली. बाकीच्यांनी विचारलं, हिनं शिकवलं. खोलीभर ओढण्या पसरल्या. हर्षलला सगळ्यांची जुळणी वाढल्याबद्दल पुण्याहून शाबासकीचं पत्र आलं, आणि त्यानं आनंदानं सगळ्यांना भेळ आणली.

क्षेत्र सात, रेषा एकशे बारा. हे चित्र पहिल्यांदा आलं तेव्हा भाद्रपद होता आणि खोलीत पंखा बंद होता. झाकणाच्या थोडं वर, डावीकडे, केसाएवढी रेघ. रोहिणीला ती लगेच दिसली. तिनं तीन बोटं दाबली. एस्तेरनं एक. रोहिणीनं पुन्हा तीन दाबली. एस्तेरनं पुन्हा एक, जरा जोरात. त्या आठवड्यात दोघींचं आधीच दोनदा बिनसलं होतं, आणखी एक बिनसणं परवडणारं नव्हतं. रोहिणीनं स्वतःची समजूत घातली की तो जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या, आवाज टिपणाऱ्या दोरीचा थरथराट असेल, असं कधी कधी येतं. तिनं 'बदल नाही' दाबलं. ज्या बाईनं नवऱ्यापुढे मान डोलावली नव्हती, तिनं एका बोटापुढे डोलावली.

दीड वर्षानं, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, त्याच रेषेचं नवं चित्र समोर आलं. रेघ आता केसाएवढी नव्हती. झाकणाच्या वर ती बोटभर चढली होती आणि वरच्या टोकाला फुगली होती. शिकवणीत दाखवलेलं चित्रसुद्धा इतकं स्वच्छ नव्हतं. ओढणीखाली एस्तेरचं बोट आलं. एक. रोहिणीनं हात ओढून घेतला आणि 'गळतीची शंका' दाबलं.

चित्र तिसऱ्या नजरेकडे गेलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: बदल नाही. खाली एका ओळीत कारण होतं की या रेषेवर मागच्या वेळी दोन्ही तपासनिसांनी एकमतानं 'बदल नाही' दिलेलं आहे. रोहिणीनं ती ओळ चार वेळा वाचली. पुण्याच्या माणसानं चित्र उघडलंच नव्हतं. त्यानं तिची जुनी सही पाहिली होती आणि तिच्यावर विश्वास ठेवला होता. असा विश्वास आपल्यावर कुणी ठेवावा याची तिला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली.

जुनं उत्तर बदलायला एक अर्ज होता. पण त्यावर मूळच्या दोघींची सही लागायची, आणि अर्जाची मुदत एकतीस मार्च. त्यानंतर सगळी उत्तरं यंत्राला शिकवायला जाणार होती. हातात नऊ दिवस होते.

त्या नऊ दिवसांत रोहिणीनं काय केलं नाही? निकालाबरोबर परत आलेलं चित्र हर्षलला दाखवलं. तो म्हणाला, ताई, मला चित्रातलं काही कळत नाही, मी कॉमर्सचा. तिनं पुण्याला तीनदा ई-मेल केला. उत्तर तात्काळ आलं की आपला संदेश मिळाला आहे, तीच ओळ तिसऱ्यांदाही आली. जिथे टिपण लिहायचं तिथे शंभर अक्षरांच्या वर जाता येत नव्हतं. शंभर अक्षरांत तिनं इंग्रजीत लिहिलं की मी खोटं बोलले होते, कृपा करून बघा. मग गुरुवारी सुट्टी टाकून ती पहाटेच्या गाडीनं दौंडमार्गे पुण्याला गेली. काचेच्या इमारतीत एका मजल्यावर वीस कंपन्यांची नावं होती. खालच्या वॉचमननं वहीत तिचं नाव, गाव, वेळ लिहून घेतली आणि वर फोन लावला. वर कुणीच नव्हतं. ती कंपनी महिन्यातून दोनदाच येते, असं तो म्हणाला, आणि तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली. ती चार वाजेपर्यंत बसली. त्या दिवसभरात तिचं म्हणणं ऐकून घेतलेला तो एकटाच माणूस होता, आणि त्यानं शेवटी विचारलं की ताई, तो समुद्र तुमच्या ओळखीचा आहे का?

शनिवारी बाजार उठल्यावर तिनं आण्णांना सगळं सांगितलं. ओढणीचं, बोटांचं, रेघेचं. आण्णांना आधी वाटलं, पोरीनं बापाची कला उचलली म्हणून आपण खूष व्हावं, पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"रुमालाखाली भाव ठरवत्यात, बाय," ते म्हणाले. "जनावर न्हाई ठरवत. दात उघड्यावर बघायचं, चालवून उघड्यावर बघायचं. मंग रुमाल. तुमी तर आख्खं जनावरच झाकलं."

रोहिणी रडली नाही. तिला रडण्याची सवय नव्हती. चुकीच्या एका उत्तराचं तिला एवढं नव्हतं. खोलीतल्या आठ जणींची दोन वर्षांतली हजारो उत्तरं तिच्या शिकवण्यानं जुळली होती, आणि त्यांतली किती खरी आणि किती नुसती जुळलेली हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं. तिला स्वतःलासुद्धा नाही. निदान ही एक तरी दुरुस्त व्हावी, एवढ्यावर तिचा जीव येऊन अडकला होता.

तीस तारखेला रविवार होता. चर्च सुटल्यावर ती एस्तेरच्या घरी गेली. बेंजामिन ओट्यावर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत बसला होता. तो भला माणूस उठून आत चहा टाकायला गेला आणि मुद्दाम बराच वेळ आत राहिला. रोहिणीनं अर्ज पुढे ठेवला. एस्तेरनं तो हातात न घेता वाचला. त्यावर एक रकाना होता: पहिलं उत्तर चुकण्याचं कारण.

"इथं काय लिहिणार?" एस्तेरनं विचारलं.

"खरं लिहू. म्या सुरू केलं हे, माझंच नाव टाक. तुला मी भरीला घातलं म्हन."

"आनि मंग? दोगींच्या खुर्च्या जातील. बाकीच्या सहा जनींची चौकशी लागंल."

ते खरं होतं.

"मला तिथं काय दिसत न्हाई, ताई," एस्तेर म्हणाली. "नसंल दिसत तर सही कशी करू?"

"एस्तेर, माझ्याकडं बघून सांग."

एस्तेरनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "तुमच्या मागं आण्णा हायेत, तुमचं घर हाय. ह्यांच्या शाळंत बारा वर्सं झाली. मी हाय म्हनून ते शाळंत जात्यात. त्यांना वाटतंय आपन मास्तर हाय. ती खुर्ची गेली तर त्यांचं मास्तरपन जाईल. कुठल्या समुद्रासाठी घालवू मी?"

चहा आला. तिघांनी तो घेतला. बेंजामिननं आण्णांची चौकशी केली, कांद्याच्या भावाचं काही बोलला. रोहिणीनं अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. फाटकापाशी तिनं एकदाच मागे वळून हात जोडले, नमस्कारासारखे नव्हे, विनवणीसारखे, आणि एस्तेर दारातून आत गेली.

एकतीस तारखेला तिनं एकटीच्या सहीनं अर्ज पाठवला. संध्याकाळी तो परत आला: अपूर्ण. तिनं घरी जाताना स्टँडवरच्या गर्दीकडे पाहिलं. टेम्पोत कांद्याच्या गोण्या चढत होत्या, नगरच्या गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं, कुणीतरी तिला हसून भरतीचं विचारलं. ती न थांबता पुढे गेली. विचारणारा माणूस ओशाळून बाजूला झाला.

एप्रिल सरला. त्या महिन्यात रोहिणी आणि एस्तेर एका टेबलाशी बसत होत्या, पण मध्ये ओढणी नव्हती. रोहिणीची जुळणी ब्याऐंशीवर आली. खुर्ची जाईल म्हणून ती वाट बघत होती. तसं झालं असतं तर बरं, निदान कुणीतरी तिच्याकडे पाहिलं असं झालं असतं. पण कुणी काही म्हणालं नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी हर्षलनं सगळ्यांना उभं करून एक पत्र वाचलं. त्याचीही नोकरी त्यातच जात होती. यंत्र शिकून तयार झालं होतं. काष्टी केंद्राच्या उत्तरांशी त्याचं उत्तर सत्त्याण्णव टक्के जुळत होतं. इतकी सुसंगत उत्तरं दुसऱ्या कुठल्याही केंद्राकडून मिळाली नव्हती, म्हणून मुख्यतः याच केंद्राच्या कामावर यंत्राला शिकवलं होतं. कंपनी सगळ्यांची आभारी होती. शुक्रवार शेवटचा दिवस.

कुणीतरी रडायला लागलं. एस्तेर रडली नाही. ती खाली बसली आणि बंद स्क्रीनकडे बघत राहिली. रोहिणीला तिचा राग यायला हवा होता, आणि आला नाही. जी खुर्ची वाचवायला तिनं सही दिली नव्हती, ती दीड महिना तेवढी पुरली होती.

शुक्रवारी प्रत्येक जोडीला शेवटची वीस चित्रं आली. यावेळी खाली यंत्राचं उत्तर आधीच लिहिलेलं होतं, आणि दोघींनी फक्त मान्य किंवा अमान्य दाबायचं होतं. बारावं चित्र क्षेत्र सात, रेषा एकशे बारा. नवंकोरं, त्याच महिन्यातलं. रेघ आता रेघ राहिली नव्हती. ती झाकणापासून वर चढून समुद्राच्या तळाला टेकली होती, आणि टेकली होती तिथे तळाची रेषा तुटली होती. खाली यंत्रानं लिहिलं होतं: बदल नाही. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के.

रोहिणीनं अमान्य दाबलं. दुसऱ्या तपासनिसाची वाट पाहत आहोत, असं स्क्रीनवर आलं. तिनं शेजारी पाहिलं नाही. मागायचं ते सगळं मागून झालं होतं.

शेजारी माऊसचा आवाज आला. रोहिणीच्या स्क्रीनवर उमटलं: दोन्ही तपासनीस, अमान्य. त्या रेषेवर पहिल्यांदाच त्या दोघींचं उत्तर काहीही न ठरवता जुळलं होतं.

"पहिल्या दिवसापासनं दिसत हुतं मला," एस्तेर म्हणाली. कॅमेऱ्याखाली, मोठ्यानं, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भाद्रपदातबी दिसलं हुतं."

रोहिणीनं तिचा हात धरला. तो उघड्यावरच धरला. मग स्क्रीनवर पुढची ओळ आली. मतभेद तिसऱ्या नजरेकडे पाठवला आहे. तिसरी नजर: यंत्र. निकाल: बदल नाही. हे सगळं व्हायला एक सेकंदही लागला नाही, आणि तेरावं चित्र समोर आलं.

रोहिणीनं मागे जायचं बटण दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा दाबलं, हर्षलला हाक मारली. हर्षल आला, त्यानंही दाबून पाहिलं. मग तिनं मोबाईल काढला, पण चित्र आता निघून गेलं होतं, आणि फोटो काढायला तिथे काही नव्हतं. तो कुठला समुद्र, त्याच्या काठावर कोण राहतं, कुणाला सांगायचं, यातलं काहीही तिला माहीत नव्हतं. ती रेघ नीट पाहिलेली माणसं साऱ्या पृथ्वीवर दोनच होती, ती हातात हात घेऊन काष्टीला एका टेबलाशी बसली होती, आणि पाच वाजता त्या दोघींची खाती बंद झाली.